ऑफिसच्या कपाटातला ग्राइंडर

*ताई,*

*पाच वर्षांपूर्वी एका मित्राने हातात कप ठेवला. दूध नाही, साखर नाही. पहिल्या घोटाला वाटलं, याने चहा दिलाय की काय. दुसऱ्या घोटाला संत्र्याची साल, आणि मागून जाईच्या फुलांसारखं काहीतरी. त्या दिवशी मी कामातून गेलो. आज घरात एस्प्रेसो मशीन आहे, दोन ग्राइंडर आहेत, कॉफी गाळायचे ड्रिपर किती आहेत ते मोजत नाही. महिन्याला पाव किलोच्या सहा पिशव्या येतात. पितो मात्र दिवसाला दोनच कप. फ्रीजर आणि कपाट मिळून अकरा पिशव्या उघड्या आहेत. बायको इन्स्टंट पिते. म्हणते, तुझ्या कॉफीचा वास छान येतो, पण आंबट लागते. खर्चावरून ती एकदाच बोलली, पण तेव्हापासून मी पार्सलं घरी मागवणं बंद केलं. तिसरा ग्राइंडर ऑफिसच्या कपाटात आहे, खोकं अजून फोडलेलं नाही. संध्याकाळी मशीनवर प्रयोग करतो आणि रात्री एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडतो. मला यातलं खरंच काही कळतं, की नुसतं महाग तेच चांगलं म्हणत सुटलोय? सगळं विकून मोकळा होऊ का?*

*– कॉफीत बुडालेला*

विकू नका. निदान सगळं तरी नको.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, कारण त्यातली दोन वाक्यं एकमेकांशी जुळेनात. दिवसाला दोन कप म्हणता. एका कपाला १५ ग्रॅम धरू, २५० मिलीच्या मगाला तेवढी लागतेच. महिन्याचे झाले ९०० ग्रॅम. पिशव्या येतात सहा, म्हणजे दीड किलो. मग दर महिन्याला उरणारे ६०० ग्रॅम, म्हणजे चाळीस कप कॉफी, जाते कुठे?

थोडी त्या अकरा पिशव्यांत साठून शिळी होते. बाकीची सिंकमध्ये जाते, असा माझा पक्का संशय आहे. नवी पिशवी उघडली की एस्प्रेसोचं दळण पुन्हा बसवावं लागतं. पहिला शॉट बारा सेकंदांत धो धो वाहून जातो. दळण बारीक केलं की दुसरा थेंब थेंब गळत मिनिटभर चालतो. तिसरा बरा येतो, पण चौथा आणखी बरा येईल असं वाटतं. चार शॉट, प्रत्येकी १८ ग्रॅम, झाले ७२. पिशवीचा पाव हिश्श्याहून मोठा भाग एकही कप धड न पिता गेला. महिन्याला सहा पिशव्या म्हणजे हा खेळ सहा वेळा.

हे मला कसं ठाऊक, तर माझ्याही ओट्यावर असंच एक मशीन दोन वर्षं होतं. आठवड्याला जाळी घासायची, महिन्याला क्षार काढायचे, रबराची रिंग कडक झाली की बदलायची. सुरुवातीला या सगळ्यात पूजेची तयारी केल्यासारखं समाधान मिळायचं. नव्याचे नऊ दिवस संपले आणि एक दिवस पाहिलं तर त्या मशीनवर मी ओट्याची फडकी वाळत घालत होते. मग ते योग्य माणसाकडे गेलं. त्याच्याकडे ते सुखात आहे आणि मीही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की तुम्ही पिता ती कॉफी तुम्हाला महाग पडत नाहीये. पीत नाही ती पडते आहे. त्या पिशव्यांबद्दल अपराधी वाटून घेण्याआधी त्यात काय भरलंय ते जरा बघा. कॉफीची साधारण सहा किलो फळं तोडावी तेव्हा एक किलो कच्चे दाणे मिळतात, आणि भाजताना त्यांचं सुमारे १५ टक्के वजन उडून जातं. म्हणजे पाव किलोच्या एका पिशवीमागे पावणेदोन किलो फळं झाली. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळं शेजारी शेजारी असतात. फक्त पिकलेली हवी असतील तर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन हाताने वेचावी लागतात. फांदी एका हाताने ओरबाडून सगळं एकदम घेतलं की काम स्वस्तात होतं आणि कपात कच्च्या फळाचा तुरटपणा उतरतो. चव घेणारे तज्ज्ञ १०० पैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण देतात ती कॉफी स्पेशालिटी म्हणवते. त्या ऐंशीच्या वर जायला अशी खूप माणसांची खूप बोटं लागतात. त्यात २०२४ मध्ये ब्राझीलला दुष्काळाने झोडपलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात साध्या अरेबिका कॉफीचा भाव पाउंडाला चार डॉलरच्या वर गेला. तुमच्या पिशव्या महागल्या असतील तर तो काही तुमच्या जिभेचा चोचला नव्हे.

पण ऐंशीच्या वर गेलं की किंमत आणि चव एकाच शिडीने चढत नाहीत. २००४ मध्ये पनामातल्या हासिएन्दा ला एस्मेराल्दा या मळ्याची गेशा जातीची कॉफी लिलावात पाउंडाला २१ डॉलरला गेली. तेव्हा साधी अरेबिका पाउंडाला एका डॉलरच्याही खाली घुटमळत होती. मूळ इथिओपियाची ही जात मळ्याच्या उंचावरच्या भागात वाढत होती आणि तिचा फुलांचा वास खरोखर वेगळा होता. तो वेगळेपणा खराच. पण पुढे जे आकडे लागत गेले ते दुर्मीळपणाचे आणि लिलावातल्या चुरशीचे. वीसपट भाव म्हणजे वीसपट आनंद, असं कुठल्याच जिभेला मोजता येत नाही. मधल्या पायरीवरची पिशवी, ताजी भाजलेली, नीट दळलेली, बहुतेकांना बहुतेक दिवस पुरून उरते.

आता यंत्रांचं बोलू, कारण खिशाला खरी चाट तिथे बसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे तुमच्या शेल्फकडे बघून कुणीही म्हणेल. ग्राइंडर हवाच, त्यात वाद नाही. पात्याच्या मिक्सरमध्ये अर्धी पूड आणि अर्धे खडे निघतात. पूड कडू होते, खडे आंबट राहतात, आणि एकाच कपात दोन्ही येतात. चांगला बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणे भरडणारा, दहा वर्षं चालला तर रोजच्या दोन कपांनी त्यावर सात हजारांहून जास्त कप निघतात. किंमत भागून बघा, कपामागे काहीच नाही. दुसऱ्या ग्राइंडरला हे गणित लावलं की मात्र ते गडबडतं, कारण तुमचे कप दोनच राहतात. दुसरं यंत्र पहिल्याचे कप खातं आणि तिसरं दोघांचे.

साध्या साधनांना कमी लेखू नका. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद कापून आत बसवला आणि गाळ नसलेली कॉफी काढली. आजचा कागदी फिल्टर तिथून आला. तुम्ही मोजत नाही म्हणता त्या सगळ्या ड्रिपरांत अजून तेच चालतं. कोन जरा बदलतो, भोकं बदलतात, आतल्या पन्हाळ्या बदलतात. एक ठेवा, ज्यात तुमचा हात बसलाय तो.

पैसे न लागता कप सुधारायचा असेल तर पाण्याकडे बघा. कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यात बायकार्बोनेट फार असलं तर ते कॉफीतलं आम्ल मारून टाकतं आणि तुमच्या महागड्या पिशवीतली संत्र्याची साल पुठ्ठ्यासारखी लागते. अगदी शुद्ध, क्षारच नसलेलं पाणी घेतलं तर कॉफी पोकळ लागते. मध्यम पाणी शोधा. आणि दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एक थेंब टाकून हलवा. दळताना पूड स्थिर विजेने चिकटते आणि इकडेतिकडे उडते, ती उडायची थांबते.

तुमचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. मला यातलं काही कळतं का, असं तुम्ही विचारलंय. याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण तीन वाट्या देऊ शकतात.

शनिवारी सकाळी एक महागडी पिशवी घ्या आणि एक तिच्या निम्म्या किमतीची. दोन्ही एकाच देशातल्या, शक्यतो सारख्याच भाजलेल्या. तीन सारख्या वाट्या मांडा. दोन वाट्यांत एक कॉफी, तिसरीत दुसरी. कुठे काय आहे हे तुम्हाला कळता कामा नये, म्हणून भरायचं काम तुमच्या पत्नीला सांगा आणि वाटीच्या बुडाशी खुणेचा कागद त्यांनाच चिकटवू द्या. प्रत्येक वाटीत जरा जाड दळलेली सव्वाआठ ग्रॅम कॉफी, वर १५० मिली पाणी, उकळी बसून मिनिटभर झालेलं. चार मिनिटं हात लावायचा नाही. वर जी साय धरते ती चमच्याच्या पाठीने मोडा आणि मोडताना नाक अगदी वाटीपाशी न्या, सगळा वास त्या क्षणात असतो. फेस काढून टाका. मग थांबा. गरम असताना सगळ्या कॉफ्या भावंडांसारख्या दिसतात, कोमट झाल्या की स्वभाव कळतात. चमचाभर घेऊन सुर्रकन आवाज करत ओढा. लहानपणी ज्याबद्दल ओरडा खाल्ला तेच इथे शास्त्र आहे, कारण तुषार होऊन कॉफी घशामागून नाकापर्यंत पोचते.

वेगळी वाटी ओळखा. एकदा बरोबर आलं तर नाचू नका, डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा जमतं. पाच वेळा करा. निव्वळ अंदाजाने पाचपैकी चार किंवा पाच वेळा जमण्याची शक्यता शंभरात पाचाहूनही कमी आहे. तेवढं जमलं तर तुम्हाला फरक कळतो, विषय संपला. नाही जमलं तर निम्म्या किमतीची पिशवी आणा आणि तितक्याच आनंदाने प्या.

मी हे केलं तेव्हा फळासकट वाळवलेली आणि धुतलेली, म्हणजे गर धुऊन काढून मग वाळवलेली, कॉफी दर खेपेला बरोबर ओळखली. मग दोन धुतलेल्या कॉफ्या घेतल्या, एक दुसरीच्या अडीचपट महाग. पाचात दोन. घरच्यांनी कागद वाचून दाखवला तेव्हा मी म्हटलं, पाणी गार झालं होतं. पाणी गार झालं नव्हतं. त्या वरच्या पायरीची पिशवी आता माझ्याकडे वर्षातून एकदा येते.

आज फरक कळला नाही म्हणजे कधीच कळणार नाही असंही नाही. ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द १९७४ मध्ये ज्यांनी रूढ केला त्या एर्ना नुट्सेन सेक्रेटरी म्हणून कॉफीच्या धंद्यात आल्या. चव घेण्याच्या खोलीत पुरुष मंडळी त्यांना येऊच देत नव्हती. त्या शिकल्या ते चाखून चाखूनच. जीभ वळण लावलं की लागते.

आता घरातलं. पत्नीने वास छान येतो म्हटलं आणि तुम्ही ते वाक्य ओलांडून आंबटावर अडकलात. चवीतला फार मोठा भाग नाकच सांगतं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी यापलीकडे फारसं काही येत नाही. म्हणजे कॉफीतला निम्मा खेळ त्यांना आधीच आवडतो. आणि आंबट म्हणतात तर एकदा तुमचा कप तपासा. हलक्या भाजणीत आम्ल असणारच, पण दाण्यांतलं पुरेसं पाण्यात उतरलं नाही तरी कप आंबटढाण होतो. अमेरिकेतल्या अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात काढलेला अंदाज आजही वापरात आहे. दाण्याच्या वजनातला १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरावा. त्याखाली आंबट आणि पाणचट, वर गेलं की कडू आणि घसा धरणारं. दळण एक खूण बारीक करा, पाणी जास्त गरम घ्या आणि पुन्हा त्यांच्या हातात द्या. कदाचित पाच वर्षं त्या बरोबर सांगत होत्या.

तरीही नाही आवडली तर नाही आवडली. त्यांचं इन्स्टंट सुखाने पिऊ द्या. या बाबतीत माझं एक पाप आहे ते सांगते. एका जुन्या मैत्रिणीकडे गेले होते. तिने प्रेमाने कॉफी करून आणली, कप खाली ठेवते न ठेवते तोच मी विचारलं, “पाणी किती गरम घेतलंस गं?” ती हसली. पण त्यानंतर मी गेले की ती कॉफी करत नाही, नुसतं पाणी विचारते. माझ्या सगळ्या ग्राइंडरांपेक्षा महाग पडलेला कप तो.

झोपेचं सांगायचं तर तुमच्या पत्रातली ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. संध्याकाळी सहाचे तीन प्रयोग अकराला अजून निम्मे जागे असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. तुमच्या दोन कपांनी ती ओलांडली जात नाही, संध्याकाळच्या प्रयोगांनी सहज जाईल. प्रयोग सकाळी करा, किंवा व्यावसायिक चाखणारे करतात तसं करा आणि थुंका. दिसायला वाईट, पण डोळा लागतो.

अकरा पिशव्यांचं काय? भाजल्याची तारीख बघा. महिना-दीड महिन्याच्या आतल्या असतील त्या लहान लहान हवाबंद पुड्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका आणि काढल्या काढल्या गोठलेल्याच दळा, पिशवी पुन्हा पुन्हा आतबाहेर करू नका, तिला पाणी सुटतं. जुन्या असतील त्या एकत्र करून जाड दळा, रात्रभर थंड पाण्यात भिजवा आणि सकाळी गाळा. शिळेपणा त्यात बराच झाकला जातो. पुढे एका वेळी दोनच पिशव्या उघड्या, एक संपल्याशिवाय तिसरी मागवायची नाही. अंदाजे साडेतीन-चार पिशव्यांत तुमचा महिना निघतो. मशीन ठेवायचं असेल तर महिन्याला एकच कॉफी त्याला द्या, म्हणजे दळण एकदाच बसवावं लागेल. नाहीतर मशीन जाऊ द्या आणि ड्रिपर ठेवा. मी तुमच्या जागी असते तर दुसरं केलं असतं, पण माझ्या फडक्यांची गोष्ट तुम्ही वाचली आहेच.

किती खर्च योग्य, हा आकडा मी सांगणार नाही. तो तुम्ही दोघांनी बसून ठरवायचा आणि तेवढाच पत्नीच्या हौसेलाही बाजूला काढायचा, ज्याचा हिशोब एकमेकांना विचारायचा नाही. त्या एकदाच बोलल्या, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही मात्र तेव्हापासून पार्सलं लपवताय. त्यांना कॉफी खुपली असेल-नसेल, हे लपवणं कळलं तर नक्की खुपेल. म्हणून वाट्यांचा खेळ मांडण्याआधी कपाटातल्या ग्राइंडरबद्दल त्यांना सांगा. ‘एक गंमत दाखवतो’ अशी सुरुवात नको, सरळ सांगा की घेतला आणि लपवला.

खोकं फोडलेलं नाही म्हणता, म्हणजे परत करायची मुदत अजून असेलही. उद्या ऑफिसला गेलात की आधी पावतीवरची तारीख बघा.